गाठीची चादर

हाताने काहीतरी सुंदर करत बसणाऱ्या बायकांचं मला फारसं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. लोकरीची बदकं, कागदाची फुलं, काचेवर चिकटवलेले मणी. असलं काही घरात आलं की त्यावर धूळ बसते आणि ती पुसायला मीच लागते. माझं स्वतःचं काम इस्त्रीचं. इस्पितळाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत, मोठ्या गरम रोलरवर माझी निम्मी हयात गेली. ओली, सुरकुतलेली चादर एकीकडून आत सोडायची आणि दुसरीकडून कडक होऊन आली की तिची घडी घालायची. घाम भरपूर, कौतुक शून्य.

माझ्या रोलरपासून हाकेच्या अंतरावर ठिगळकाकू बसायची. हे नाव तिला वॉर्डातल्या आयांनी ठेवलं. वयाने ती माझ्याच बरोबरीची, त्यामुळे माझ्या तोंडी ‘काकू’ आलं तर ते चिडवण्यापुरतं. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे सदरे, सगळं तिच्या टेबलावर यायचं. जुन्या चादरींतला बरा भाग कापून ठेवलेला असे. त्यातून चौकोन कापायचा आणि मशीनवर भोकावर शिवायचा, एवढंच तिचं काम. तिची जागा खिडकीखाली होती आणि खिडकी रस्त्याच्या पातळीला, म्हणून बाहेरची माणसं आम्हाला गुडघ्यापर्यंतच दिसायची. नुसत्या चपलांच्या चालीवरून कोण भेटायला चाललंय आणि कोण रडून परत निघालंय, हे ती बरोबर सांगायची. मी म्हणायचे, "एवढं लक्ष ठिगळात दे."

ती ठिगळात किती लक्ष देते हे मला कळलं ते मेट्रनबाईंमुळे. मेट्रनबाई तळघरात उतरल्या की समजावं, कोणाची तरी खरडपट्टी निघणार. त्या दिवशी त्या हातात चादर घेऊन थेट ठिगळकाकूच्या टेबलापाशी आल्या आणि चादर तिच्यासमोर पसरली.

"हे काय आहे?"

"ठिगळ आहे, बाई."

"ते दिसतंय मला. ठिगळाला चोच कशाला?"

मी काम सोडून बघायला गेले. पांढऱ्यावर पांढरं, आधी काहीच दिसेना. मग चादर जरा तिरपी धरली तेव्हा कळलं. चांगलं तळहाताएवढं बदक होतं. चोच, पोट, शेपटी, सगळं जागच्या जागी. वरच्या वॉर्डातला एक म्हातारा सकाळपासून ‘माझ्या पाठीखाली बदक आहे’ म्हणून सांगत होता, आणि ताप डोक्यात गेला समजून त्याला दोनदा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून झाल्या होत्या.

"भोकच तसं होतं," ठिगळकाकू मान खाली घालून म्हणाली.

मेट्रनबाईंचे ओठ एका बाजूला जरासे हलले. "चौकोनी लावत जा," एवढंच बोलून त्या जिना चढून गेल्या. त्या गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, वेड लागलंय का, नोकरीवर पाणी सोडायचंय का. तेव्हा तिने मला नवऱ्याचं सांगितलं.

नवरा बस चालवायचा. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले आणि डोळ्यांपाठोपाठ बोलणंही गेलं. दोन खोल्यांच्या घरात तो पलंगाच्या कडेला उजवी मूठ आवळून, ती गुडघ्यावर ठेवून बसून राहायचा. राग आला की मूठ, वाईट वाटलं की मूठ. जेवायला वाढलं की ‘हं’, पाणी दिलं की ‘हं’. "घरात मी आहे की कपाट, हेच कळेनासं झालं होतं," ती म्हणाली.

एका सुट्टीच्या दिवशी ती घरातलीच चादर शिवायला बसली. हाताला लागलेला तुकडा आधीच कोणीतरी वेडावाकडा कापलेला होता, एका बाजूला शेपटीसारखं टोक आलेलं. चौकोन करायचा कंटाळा आला म्हणून तिने तो तसाच शिवून टाकला. दुपारी नवरा आडवा झाला आणि त्याची बोटं त्या ठिगळावर गेली. बराच वेळ ती तिथेच फिरत राहिली. मग तो म्हणाला, "मासा आहे का गं?"

"कित्येक महिन्यांत आपणहून विचारलेला पहिला प्रश्न," हे सांगताना तिचे डोळे भरले. "मासा नसता तरी मी हो म्हटलं असतं."

तेव्हापासून तिला नादच लागला. कडा दोनदा दुमडून जाड करायच्या म्हणजे बोटाला नीट लागतात, टाके हातानेच घालायचे म्हणजे वळणं साधतात, हे तिचं तीच शिकली. घरात भोकं संपली तेव्हा शेजाऱ्यांच्या फाटक्या चादरी मागून आणल्या, कारण भोक नसताना ठिगळ लावणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. नवरा ओळखायचा, आणि ओळखूनही मुद्दाम चुकीचं सांगायचा.

"गाढव."

"अहो, ससा आहे तो."

"कान बघ की. गाढवच. तुझ्या माहेरचं दिसतंय."

हे मला सांगताना ती इतकी हसली की सुई बोटात गेली. इस्पितळाच्या चादरींवर मासे आणि बदकं कशी आली, तर हाताला सवय लागली म्हणून. आणि दुसरं म्हणजे, "वरच्या लोकांना दिवसभर छताकडेच बघत पडायचं असतं गं. हाताला तरी काहीतरी लागू दे."

मेट्रनबाईंनी पुढे कानाडोळा केला. वॉर्डात मात्र हे ठिगळांचं प्रकरण भलतंच पसरलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी ज्यांनी कधी शब्द काढला नव्हता ते विचारू लागले, तुमच्याकडे काय आलंय? पान. आमच्याकडे किटली. बाळ गमावलेल्या एका बाईने म्हणे चादर बदलायला आलेल्या आयेचा हात धरला होता, की ही राहू दे, हिच्यावर पक्षी आहे. ती आया खाली येऊन सांगतानाच रडली आणि तिथेच एक स्टूल ओढून बसली. म्हणाली, "मला पण शिकवा."

मग जेवणाच्या सुट्टीत आमच्या तळघरात बायका जमू लागल्या. ही आया, जिचा मुलगा घर सोडून गेला तो परत फिरकला नव्हता. स्वयंपाकघरात भाजी चिरणारी एक, जिला कोणीच नव्हतं. कधी आणखी एखादी. डबे संपले की कात्र्या निघायच्या. मी काही त्यांच्यात बसले नाही. मी पाय वर करून पडायचे आणि ऐकायचे. एक गोष्ट मान्य करते, नजर कापडावर असली की बायकांच्या तोंडून जे निघतं ते समोरासमोर बसून निघत नाही. आया मुलाबद्दल बोलली ती तिथे. भाजीवाली पहिल्यांदा मोठ्याने हसली ती तिथे, कारण तिने कापलेला घोडा उभाच राहीना. त्या सुट्टीची मी वाट बघायला लागले होते, पण ते त्यांना कशाला सांगू?

आणि मग नवऱ्याच्या पायाला जखम झाली. साखरेच्या माणसाची जखम, ती कुठली भरते. बोटं काळी पडली, वास येऊ लागला, त्याला आमच्याच इस्पितळात वर दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढला नाही तर माणूस हाती लागणार नाही. तो म्हणाला, "डोळे गेले ते गेले. पाय राहू दे. मला घरी ने." त्याने तिच्याकडून तसं वचनही घेतलं. पण दुसऱ्या दिवशी तो तापाने बेशुद्ध झाला, डॉक्टरांनी तिला विचारलं आणि तिने हो म्हटलं.

शुद्धीवर आल्यावर त्याचा हात आधी खाली गेला. चाचपून झाल्यावर त्याने विचारलं, "कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "मी."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. आयेकडे पाणी मागायचा, डॉक्टरांना दुखतंय म्हणून सांगायचा, शेजारच्या खाटेवरच्याशीही दोन शब्द बोलायचा. ही आली की तोंड भिंतीकडे. आंधळा माणूस तोंड फिरवतो तेव्हा त्याला काही बघायचं टाळायचं नसतं, समोरच्याला दाखवायचं असतं. ही सकाळी कामावर यायच्या आधी जायची, सुट्टीत जायची, संध्याकाळी जायची, आणि प्रत्येक वेळी जिना उतरताना तिचा चेहरा आणखी उतरलेला असायचा.

मला राग येत होता. म्हटलं, "जीव वाचवलास त्याचा, आणि वर ही मिजास?"

"पाय त्यांचा होता," ती म्हणाली. "माझा नव्हता. आणि मी वचन दिलं होतं."

मी पुढची चादर रोलरमध्ये सोडली.

मग तिने ते शेवटचं ठिगळ करायला घेतलं. आधी भोकाची चादर शोधली, बरोबर उजव्या हाताखाली येईल अशा जागी भोक असलेली. त्यासाठी तिने सगळा ढीग उपसला आणि मला पुन्हा घड्या घालायला लावल्या. मग कापलं. बस होती. दोन चाकं, पुढे ड्रायव्हरची खिडकी आणि त्याच्या पाठीमागच्या खिडकीत एक डोकं. ते डोकं म्हणजे ती. लग्नाआधी ती त्याच्या बसने कामाला जायची आणि नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची. ड्रायव्हरशी बोलू नये अशी तिथे पाटी होती, आणि दोघांनी ती इतकी पाळली की शेवटी तिच्या मोठ्या बहिणीलाच मध्ये पडावं लागलं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डोकं एवढंसं, वाटाण्याएवढं. ते नीट यावं म्हणून तिने तीन वेळा कापून टाकून दिलं. इतकं मन लावून कोणी माफी मागितलेली मी पाहिली नव्हती, आणि ती मागत होती अशा माणसाकडे, ज्याला ती दिसणारसुद्धा नव्हती.

आयेने चादर त्याच्या खाटेवर घातली. धुवायला आली तरी हीच परत त्याच खाटेवर जाईल याची जबाबदारी तिने घेतली. ठिगळकाकूने त्याचा हात धरून ठिगळावर ठेवला आणि म्हणाली, "ओळखा बघू."

त्याने हात काढून घेतला.

ती रोज विचारायची. ओळखलं का? तो गप्प. ती खाली येऊन मशीनवर बसायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "आज नाही." कधी म्हणायची, "आज नाही, पण तोंड जरा कमी फिरवलं." असल्या आशेवर माणूस किती दिवस काढतो, ते मी बघत होते. आमचा डॉक्टर बरा होता, त्याने मला जिन्यात गाठून सांगून ठेवलं की विष वर चढतंय, तिला तयार करा. मी कसली तयार करणार तिला? मला चादरी सपाट करता येतात.

तो गेला तेव्हा ती खालीच होती, सदऱ्याला बटणं लावत. आया जिन्यावरून धावत आली, आणि ती धावत आली यातच सगळं आलं. ठिगळकाकू वर पोचेपर्यंत संपलं होतं. परत आली ती माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"मूठ आवळून गेले," ती म्हणाली. "सिस्टर सोडवायला बघत होत्या. मी म्हटलं राहू द्या, सवयच आहे ती त्यांची. माझ्यावरचा राग मुठीत घेऊन गेले ते."

मी म्हटलं, असं नसतं गं. पण मलाही तसंच वाटत होतं, आणि ते तिला दिसलं असणार.

काही दिवसांनी ती कामावर आली आणि चौकोन कापू लागली. मशीनवर, सरळ चार बाजू, मेट्रनबाईंना हवे होते तसे. सुट्टीत आया आणि भाजीवाली यायच्या, पण आपली पानं-फुलं पदराआड धरून कापायच्या, जणू चोरीच करतायत. मग तेही कमी झालं. वॉर्डातले लोक विचारायचे, हल्ली हाताला काही लागत नाही? आया काहीतरी थाप मारायची. शेवटी मला राहवलं नाही. मी, जिने जन्मात कसली वेल कधी काढली नाही, ती तिला म्हणाले, "कर गं एखादं बदक."

"कोणासाठी?" ती म्हणाली आणि पायाने मशीन सुरू केलं.

आता आमची एक रीत सांगायला हवी. ज्या चादरीवर माणूस जातो तिच्या कोपऱ्याला आया गाठ मारते. गाठीच्या चादरी वेगळ्या पिशवीत साठतात आणि बऱ्याच झाल्या की वेगळ्या उकळतात. त्यांना पुन्हा ठिगळ लावत नाहीत, कोणाच्या खाटेवर घालत नाहीत. एकदा रोलरमधून काढून फरशी पुसायची फडकी करतात. असा काही लिखित हुकूम नाही, पण तो मोडायची कोणाची छाती होत नाही. फाडायचं काम माझं.

त्या दिवशी सुट्टी होती जेवणाची, पण पिशवी उकळून आली होती म्हणून मी रोलर चालूच ठेवला होता. एक गाठ सोडली, चादर आत घातली, ती पलीकडून सपाट होऊन आली आणि मधोमध मला ते दिसलं. जुनं भोक आणि त्याच्याभोवती सुईच्या छिद्रांची रेघ. दोन चाकं, पुढची खिडकी, मागची खिडकी. ठिगळ नव्हतं.

मनात आलं, ओढून फेकून दिलं मेल्याने. जाता जाता तेवढाही सूड सोडला नाही. ही बघायच्या आत फाडून टाकावी म्हणून मी चादर घाईघाईने गोळा केली. पण माझ्या तोंडावर काही लपत नाही, ही माझी जन्माची खोड.

"काय गं?" ठिगळकाकू टेबलावरून म्हणाली.

"काही नाही."

ती उठली, माझ्या हातातून चादर घेतली आणि पसरली. आया तिथेच डबा खात होती, तिचा घास तसाच राहिला. ठिगळकाकूने त्या छिद्रांवरून एक बोट फिरवलं, सावकाश, सगळी बस होईपर्यंत. मग चादर खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

"हे फाडलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ओढलं असतं तर चादर फाटली असती. एवढी जुनी चादर, आणि माझे टाके. हे उसवलंय. एकेक टाका." तिने पुन्हा बोट फिरवलं. "घरी मी शिवायला जुने कपडे आणायचे ना, ते उसवून देण्याचं काम त्यांचं असायचं. पिनेच्या टोकाने टाका उचलायचे. कापडाला कधी धक्का लागला नाही."

आया खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांच्या पट्टीची पिन रोज हरवायची. रोज नवी लावायचे मी. मी ओरडायचेसुद्धा, एवढ्या पिना जातात कुठे म्हणून. आणि शेवटी शेवटी चादर बदलूही द्यायचे नाहीत, हात त्या जागेवरून हलवायचेच नाहीत."

"आणि ठिगळ?" मी विचारलं. "ठिगळ कुठे सापडलं नाही तुला?"

"नाही. ते गेल्यावर खाट साफ करताना गादी उलटली, खाटेखाली झाडलं. कुठेच नव्हतं."

रोलर नुसता फिरत होता. ठिगळकाकू आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तिने तो हात हळूहळू मिटला, घट्ट, आणि तशीच उभी राहिली. ती मूठ सिस्टरकडून का सुटली नाही ते आम्हा तिघींना एकाच वेळी कळलं.

"ओळखलं होतं त्यांनी," ती म्हणाली.

मला वाटलं, आता तिच्या छातीवरचा दगड उतरेल. उतरलाही असेल. पण त्याच्या जागी जे आलं त्याची मला कल्पनाच नव्हती. ती संतापली. "एवढं उसवत बसले," ती म्हणाली, "इतके दिवस, आंधळ्या माणसाने, एकेक टाका. आणि मी रोज उशाशी येऊन विचारत होते. एकदा ‘गाढव’ म्हणायला काय झालं होतं? नुसतं गाढव म्हणाले असते तरी चाललं असतं मला." आणि मग ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा, टेबलावर डोकं ठेवून, चादर कवटाळून. आया तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी रोलर बंद केला, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना.

बऱ्याच वेळाने तिने डोकं वर केलं. मी म्हटलं, "ही फाडायची नाही. घरी घेऊन जा तू. मेट्रनबाईंचं मी बघते."

तिने चादरीच्याच टोकाने तोंड पुसलं.

"भोक घरी नेऊन काय करू?" ती म्हणाली. "न्यायचं ते त्यांनी नेलं. धर."

मोठी चादर एकटीने सरळ फाटत नाही. तिने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि मधोमध मी कात्रीने खाच मारली. फाडत फाडत भोकापर्यंत आले तेव्हा मला समोरचं काहीच दिसेनासं झालं. पलीकडून तिचा आवाज आला, "सरळ फाड गं. वाकडं जातंय."